परदेशी सहलीत टिप कुणाला, किती, कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूर मॅनेजर म्हणून १६ वर्षं मी मराठी मंडळींना घेऊन परदेशात फिरलो. सहल निघायच्या आठ-दहा दिवस आधी सगळ्यांची बैठक होते. थंडीचे कपडे, जेवण, व्हिसा, औषधं, याबद्दल लोक सगळ्यांसमोर मोकळेपणाने विचारतात. टिपबद्दल मात्र कुणी हात वर करत नाही. बैठक संपून खुर्च्या गोळा व्हायला लागल्या की कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "अहो, तिकडे टिपचं काय असतं?" आपण कंजूष ठरू नये आणि अडाणीही दिसू नये, ही धास्ती त्या आवाजात असते. खालचे प्रश्न अशाच कोपऱ्यातल्या बोलण्यातून जमा झाले आहेत.

टिप देणं सक्तीचं असतं का?

कायद्याने म्हणाल, तर जवळजवळ कुठेच नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर अमेरिकेत कुणाच्या तरी पोटावर पाय येईल, आणि "द्यायलाच हवी" असं धरून चाललात तर जपानमध्ये समोरच्याची पंचाईत कराल. देश बदलला की एकच गोष्ट आधी समजून घ्या. तिथे वाढणाऱ्या माणसाचा पगार कुठून येतो? मालक पुरता पगार देत असेल आणि पदार्थाच्या किमतीतच सेवा धरलेली असेल, तर टिप ही आपली खुशी. मालक थोडाच पगार देऊन बाकीचं गिऱ्हाइकावर सोडत असेल, तर टिप हाच त्या माणसाचा पगार.

आपल्याला यातलं काहीच नवीन नाही. दिवाळीला पोस्टमन, लिफ्टमन, कचरा नेणारी बाई यांना आपण पोस्त देतो. हॉटेलात बिलाबरोबर बडीशेप आली की त्या बशीत दहा-वीस रुपये ठेवून उठतो. जर्मन भाषेत टिपला "ट्रिंकगेल्ड" म्हणतात, फ्रेंचमध्ये "पुरब्वार". दोन्ही शब्दांचा अर्थ पिण्यासाठी दिलेले पैसे, म्हणजे आपलं चहापाणीच. रीत सगळीकडे एकाच घरातली आहे, आकडे आणि शिष्टाचार वेगळे.

अमेरिकेत खरंच १८-२० टक्के द्यावे लागतात? मालक पगार का देत नाही?

हो, टेबलावर बसून जेवलात आणि कुणी वाढलं तर १८ ते २० टक्के. १५ ही आता खालची पायरी झाली आहे.

कारण ऐकलंत तर देताना हात अडखळणार नाही. अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. मधली तफावत टिपमधून भरून निघेल असं गृहीत धरलेलं आहे. भरून निघाली नाही तर ती मालकाने भरायची, असं कायदा म्हणतो. बऱ्याच राज्यांनी आपापला आकडा वर नेला आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या राज्यांत तर मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तरी टिपची रीत तिथेही तीच आहे.

यामागचा इतिहास सुखाचा नाही. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयान डब्यांत पोर्टर म्हणून मोठ्या संख्येने घेतलं. पगार तुटपुंजा ठेवला आणि बाकीचं प्रवाशांच्या टिपवर सोडलं. हॉटेलांतही तेच झालं. या प्रथेला अमेरिकेतच विरोधही झाला होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदी घातली, आणखी काही राज्यं मागोमाग आली, पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे गुंडाळले गेले.

म्हणून "ही पद्धतच चुकीची आहे, मी देणार नाही" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की पद्धत चुकीची असेलही, पण तुम्ही न दिल्याने मालकाचं काहीच जात नाही. जातं ते पाणी आणून देणाऱ्या मुलीचं. आणि तुम्ही ठेवलेले पैसे तिच्या एकटीचे नसतात. टेबल पुसणारा, बार सांभाळणारा यांनाही बरेचदा त्यातूनच वाटा जातो.

टक्केवारीचा हिशेब चटकन कसा करायचा?

बिलाच्या आकड्यात दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवा आणि दुप्पट करा. ६४ डॉलरचे ६.४०, दुप्पट १२.८०. हे झाले २० टक्के.

दुसरी युक्ती तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी मला शिकवली. बिलावर विक्रीकर छापलेला असतो. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के आहे, त्याची दुप्पट केली की जवळजवळ १८ टक्के होतात. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के आहे, तिप्पट केली की २०. एडिसनला मुलाकडे जाणाऱ्या आई-बाबांना हे तिप्पटीचं गणित पक्कं लक्षात राहतं. टिप कराच्या आधीच्या रकमेवर मोजली तरी चालते.

कार्डाने भरताना टिप कधी लिहायची?

इथे आपली माणसं हमखास गोंधळतात. वेटर तुमचं कार्ड घेऊन आत जातो. घाबरू नका, तिथे तशीच रीत आहे. तो कार्ड आणि पावतीच्या दोन प्रती घेऊन येतो. पावतीवर "टिप" आणि "टोटल" अशा दोन रिकाम्या ओळी असतात. तुम्ही टिप लिहायची, बेरीज करायची, सही करायची आणि दुकानाची प्रत टेबलावर ठेवून निघायचं. टिपेची रक्कम तुमच्या खात्यातून नंतर जाते. त्यामुळे आधी एका रकमेचा मेसेज आला आणि शेवटी वेगळी रक्कम वजा झाली, तर ती फसवणूक असेलच असं नाही. टिप रोख देणार असाल तर त्या ओळीवर "कॅश" लिहा. ओळ कोरी ठेवू नका.

आणि लिहिण्याआधी बिल नीट वाचा. सहा-आठ जणांचा गट असेल तर "ग्रॅच्युइटी" म्हणून १८ किंवा २० टक्के आधीच धरलेले असतात. आपण मराठी माणसं काका-मामांसकट जेवायला जातो, त्यामुळे हा अनुभव ठरलेला. आधीच धरलेले असतील तर पुन्हा द्यायची गरज नाही.

कॉफीच्या काउंटरवरसुद्धा स्क्रीन फिरवून टिप विचारतात. तिथेही द्यायची?

नाही दिलीत तरी चालतं. "नो टिप" दाबायचं आणि पुढे जायचं. काउंटरवर उभं राहून घेतलेल्या कॉफीला, पार्सलला, पाण्याच्या बाटलीला टिप द्यायलाच हवी अशी रीत नाही. मागे रांग असते, समोरची मुलगी बघत असते, म्हणून लोक संकोचून २० टक्क्यांवर बोट ठेवतात. तो संकोच सोडा. बुफे असेल तर १० टक्के पुरतात, कारण पाणी आणून देणं आणि बशा उचलणं एवढं काम कुणीतरी करतंच.

आई-बाबा एकटे प्रवास करणार आहेत, व्हीलचेअर घेतली आहे. त्या माणसाला काही द्यायचं का?

हा प्रश्न मला मुलंच फोनवर विचारतात, आणि तो विचारला जातो याचं मला बरं वाटतं. विमानतळावरची व्हीलचेअरची मदत मोफत असते. अमेरिकेत आणि युरोपात तसा नियमच आहे. "पैसे द्या" असं कुणी म्हणालं तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

पण अमेरिकेत ही खुर्ची ढकलणारी माणसं बरेचदा कमी पगारावर कंत्राटी काम करतात. आईला इमिग्रेशनच्या रांगेतून काढून, पट्ट्यावरून बॅगा उचलून, बाहेर मुलाच्या हातात सोपवेपर्यंत त्यांचा तासभर जातो. ५ ते १० डॉलर द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. निघतानाच आईच्या पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात पाच-पाचच्या तीन-चार नोटा ठेवून द्या. विमान बदलायचं असेल तर दोन माणसं भेटतात, म्हणजे दोनदा लागतात. आणि १०० डॉलरची एकच नोट देऊन पाठवू नका. मी एका आजींना विमानतळावर ती नोट हातात धरून, सुट्टे कुठे मिळतील ते विचारत रडवेल्या झालेलं पाहिलं आहे.

अमेरिकेत आणखी कुणाकुणाला?

टॅक्सीला १५ टक्के. ॲपवरून बोलावलेल्या गाडीला १० ते १५, ॲपमधूनच. हॉटेलात बॅग खोलीपर्यंत आणून दिली तर बॅगेमागे १-२ डॉलर. केस कापणाऱ्याला १५ ते २० टक्के. खोली साफ करणाऱ्या बाईला रोजचे २ ते ५ डॉलर, आणि हे रोजच्या रोज ठेवायचे, कारण उद्या दुसरी बाई असू शकते. शेजारी कागदावर "थँक यू" लिहून ठेवा, नाहीतर पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून ती हात लावत नाही. सगळ्या मदतनिसांत सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच.

कॅनडात आकडे साधारण असेच, १५ ते २०.

युरोपात किती?

अमेरिकेतून ऐकून आलेली २० टक्क्यांची सवय युरोपात नेऊ नका.

फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या किमतीत सेवा धरलेलीच असते. बिलावर "सर्व्हिस कोंप्री" लिहिलेलं दिसेल. चांगलं जेवलात तर एक-दोन युरो ठेवा, नाही ठेवलेत तरी कुणी वाकडं बघत नाही. स्वित्झर्लंडमध्येही सेवा किमतीतच असते आणि पगार चांगले असतात. तिथे रक्कम वरच्या पूर्ण आकड्याला नेली की झालं. एक सावधगिरी मात्र बाळगा. स्विस ५ फ्रँकचं नाणं असतं, त्याची किंमत आपल्या ५०० रुपयांवर जाते. नाणं म्हणजे चिल्लर ही आपली सवय. एंगेलबर्गला एका गृहस्थांनी दोन कॉफ्यांवर अशी तीन नाणी ठेवली आणि हिशेब बसमध्ये बसल्यावर लक्षात आला.

इटलीत बिलावर "कोपेर्तो" दिसेल, माणशी एक ते तीन युरो. ही टिप नाही. टेबलाचा आणि पावाचा आकार, म्हणजे शुल्क, आहे तो, पाव खाल्ला नाही तरी लागतो. "सेर्विझिओ" असं वेगळं लिहिलं असेल तर ती सेवा, मग वर काही नको. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात वाद्यवृंद असलेल्या कॅफेत बसलात तर संगीताचाही वेगळा आकार लागतो. उभ्याने कॉफी प्यायची आणि बसून प्यायची किंमत इटलीत वेगळी असू शकते, ते भिंतीवर लावलेलं असतं.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात ५ ते १० टक्के, पण द्यायची तऱ्हा वेगळी. टेबलावर पैसे ठेवून उठायचं नाही. वेटर पैसे घ्यायला समोर येतो तेव्हाच पूर्ण आकडा सांगायचा. बिल २७.४० झालं असेल तर नोट देताना "तीस" म्हणायचं, तो त्याप्रमाणे सुट्टे देतो. "श्टिम्ट झो" म्हणालात तर उरलेलं सगळं त्याचं. आणि हे नीट लक्षात ठेवा, नोट हातात देताना "थँक यू" किंवा "डांके" म्हणालात तर बाकीचे ठेवून घ्या असा अर्थ होतो. प्राग आणि बुडापेस्टलाही तसंच समजतात. आपण सवयीने थँक यू म्हणतो आणि मग सुट्ट्यांची वाट बघत बसतो. सुट्टे हातात आले की मग आभार माना.

स्पेन, पोर्तुगाल, नेदरलंड्समध्ये थोडी नाणी पुरतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलँडमध्ये अपेक्षाच नसते.

लंडनच्या बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. तो काढायला सांगता येतो का?

येतो. बिलावर "डिस्क्रिशनरी" लिहिलेलं असेल तर तो ऐच्छिक आहे. सेवा खरोखर वाईट असेल तर शांतपणे सांगा, ते काढतात. सेवा ठीक असेल तर राहू द्या, पण त्यावर आणखी टिप नको. १ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये कायदा आहे की टिप आणि सर्व्हिस चार्ज मालकाने काहीही न कापता कामगारांना द्यायचा. त्यामुळे कार्डाने दिलेले पैसे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत ही जुनी शंका आता धरायचं कारण नाही. पबमध्ये काउंटरवर पेय घेतलं तर टिप नसते.

आपल्याकडेही सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. पण हा नियम डोक्यात घेऊन सिंगापूरला वाद घालू नका. तिथे मेनूवर किमतीपुढे "++" असतं, म्हणजे १० टक्के सेवा आणि त्यावर ९ टक्के कर. १०० डॉलरचे ११९.९० होतात आणि ते भरावे लागतात.

युरोपच्या ग्रुप टूरला "टिप्स"चे वेगळे पैसे घेतात. ते नक्की कुणाला जातात?

मुख्यतः बसच्या ड्रायव्हरला, शहर दाखवणाऱ्या स्थानिक गाइडला आणि काही ठिकाणी हॉटेलच्या माणसांना. साधारण हिशेब असा, ड्रायव्हरला माणशी रोजचे दीड-दोन युरो, अर्ध्या दिवसाच्या गाइडला माणशी एक-दोन. काही कंपन्या ही रक्कम सहलीच्या किमतीतच धरतात, काही प्रवासात गोळा करतात. बुकिंग करतानाच लेखी विचारा की टिप किमतीत धरली आहे का, असल्यास कुणाकुणाची. पंधराव्या दिवशी बसमध्ये पाकीट फिरलं की निम्मे लोक नाराज होतात, आणि त्यांची चूक नसते. त्यांना आधी सांगितलेलं नसतं.

ड्रायव्हरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्याचं काम आपल्याला दिसत नाही. ४० माणसांच्या ४०-५० बॅगा तो रोज दोनदा उचलतो. संध्याकाळी आपण खोलीत जातो तेव्हा तो बसमधला चिवड्याचा चुरा झाडत असतो. युरोपात त्याला दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं, आणि बसमधलं यंत्र हे सगळं नोंदवून ठेवतं. म्हणून "पन्नास युरो देतो, अजून तासभर फिरव" असं त्याला सांगू नका. ती टिप त्याच्या परवान्यावर येऊ शकते. हे असं प्रत्येक सहलीत कुणीतरी विचारायचं, आणि दरवेळी ड्रायव्हरचा चेहरा उतरायचा.

मग टूर मॅनेजरला?

मी स्वतः ते काम केलं आहे, म्हणून सरळ सांगतो. तो कंपनीचा पगारी माणूस असतो. कंपनीने टिपमध्ये त्याचा वाटा आधीच धरला असेल तर वेगळं द्यायची गरज नाही. कुणाचं दुखलंखुपलं त्याने पाहिलं, रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं, तर मनाला येईल ते द्या. मला मिळालं तेव्हा मी घेतलं. पण गटातल्या एखाद्या उत्साही माणसाने सगळ्यांकडून "टूर मॅनेजरसाठी" पैसे गोळा करणं मला कधीच आवडलं नाही. त्यात ज्याला परवडत नाही त्याचीही मान मोडते.

जपानमध्ये टिप दिली तर अपमान होतो म्हणतात. खरं का?

अपमान म्हणण्यापेक्षा अडचण होते. चांगली सेवा हा त्यांच्या कामाचाच भाग, त्याचे वेगळे पैसे कशाला, अशी तिथली समजूत आहे. टेबलावर सुट्टे ठेवून निघालात तर विसरले समजून ते मागे धावत आणून देतात. पैसे देतानाही हातात न देता काउंटरवरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे असतात.

आपली अडचण अशी की आपण आग्रह करणारी माणसं. पंगतीत "अजून एक घ्या" म्हटल्याशिवाय आपलं भागत नाही, म्हणून त्याने नको म्हटलं की आपण हातात नोट कोंबतो. जपानमध्ये, कोरियात, चीनमध्ये नको म्हणजे नको. दोन्ही हात जोडून, थोडं वाकून, "गोचिसोसामा देश्ता" म्हणा. जेवण छान झालं असं सांगायची ती त्यांची रीत आहे, आणि आचारी आतून मान डोलावतो.

एक अपवाद आहे. पारंपरिक र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी निवासात, राहिलात आणि खोलीत जेवण वाढणाऱ्या बाईंना काही द्यावंसं वाटलं तर ते छोट्या पाकिटात घालून, आल्या आल्या द्यायचं असतं. नोट उघडी देत नाहीत. आपण लग्नात आहेराचं पाकीट देतो, तसंच. इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या साध्या बारमध्ये, बसल्यावर न मागता एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात तिचे पैसे लागतात. ती "ओतोशी". तो बसण्याचा आकार, त्यावर भांडू नका.

थायलंड, बाली, दुबई?

थायलंडमध्ये सक्ती नाही. जेवल्यावर सुट्टे ठेवा, मसाज करणाऱ्या बाईला ५० ते १०० बाट द्या, बॅग उचलणाऱ्याला २० बाट. नोटेवर राजाचं चित्र असतं, म्हणून ती चुरगळून फेकू नका, आणि खाली पडली तर पायाने अडवू नका. तिथे ही गंभीर गोष्ट आहे.

बालीत चांगल्या रेस्टॉरंटात कर आणि सेवा मिळून २१ टक्क्यांपर्यंत बिलातच लागतात. दिवसभर गाडी घेऊन फिरवणाऱ्या ड्रायव्हरला मात्र वेगळं द्या, तो मंदिराबाहेर उन्हात तुमची वाट बघत असतो.

दुबईत बिलावर सेवा लावली असली तरी ती वाढणाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. मी तिथे १० टक्के रोख हातात देतो. समोरचा माणूस केरळचा, नेपाळचा, फिलिपाइन्सचा, कधी आपल्या रत्नागिरीचा असतो, आणि त्यातले पैसे घरी जाणार असतात.

इजिप्तमध्ये सारखं "बक्षीश" मागतात, त्याचं काय करायचं?

शब्द आपलाच वाटतो ना? मूळ फारसी. तिथून तो तुर्कीत, अरबीत गेला आणि मराठीत बक्षीस झाला. आपल्याकडे त्याला स्पर्धेतल्या पहिल्या नंबराचा मान मिळाला. इजिप्तमध्ये तो रोजच्या व्यवहारात आहे, आणि बक्षीश देणं हा तिथल्या जगण्याचा भाग आहे. स्वच्छतागृहात कागद देणारी बाई, दार उघडणारा, सामान उचलणारा, सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं असतं. म्हणून छोट्या नोटांची गड्डी रोज खिशात हवी.

न मागता दिलेल्या मदतीला मात्र सुरुवातीलाच नम्रपणे नाही म्हणा. पिरॅमिडपाशी कुणी "इथून फोटो छान येतो" म्हणून तुमचा मोबाइल हातात घेतला, उंटावर बसवलं, की पैसे मागणारच. उंटाचं भाडं, वेळ आणि उतरवण्याचं, तिन्ही आधी ठरवा. तुर्कस्तानात शब्द तोच, "बाहशिश", पण रेटा कमी. रेस्टॉरंटात १० टक्के पुरतात.

नेपाळला ट्रेकला जातोय. पोर्टरला किती?

एव्हरेस्ट बेस कॅम्पला आता महाराष्ट्रातून किती तरी लोक जातात, म्हणून हे आवर्जून. ट्रेकच्या खर्चाच्या १० टक्क्यांच्या आसपास रक्कम गाइड आणि पोर्टर मिळून ठेवा, गटाने एकत्र. शेवटच्या संध्याकाळी, लुक्लाला, प्रत्येक पोर्टरच्या हातात त्याचा वाटा स्वतः द्या. सगळं पाकीट एकाकडे देऊन "वाटून घ्या" म्हणू नका. तुमची सॅक, शेजाऱ्याची सॅक, अशी २०-२५ किलोंची ओझी घेऊन तो तुमच्या आधी वर पोचलेला असतो. बहुतेकांना हिंदी येतं, दोन शब्द बोला. उबदार हातमोजे, जाकीट देण्यासारखं असेल तर द्या, पण पैशांऐवजी नाही, पैशांबरोबर.

क्रूझवर?

बहुतेक मोठ्या जहाजांवर माणशी रोजची टिप तुमच्या खात्यात आपोआप धरली जाते, मुलांचीही. पेयांवर वेगळे टक्के लागतात. बुकिंगच्या वेळीच भरता येते, तसं करा, म्हणजे शेवटच्या सकाळी धक्का बसत नाही.

सेवाच वाईट असेल तर?

युरोपात, आशियात काही देऊ नका. अमेरिकेत १० टक्के द्या आणि मॅनेजरला नीट सांगा. जेवण उशिरा आलं यात बरेचदा स्वयंपाकघराची चूक असते, वाढणाऱ्याची नाही. मसाला कमी होता म्हणून टिप कापणं मला अन्यायाचं वाटतं.

सुट्टे कुठून आणायचे?

परकीय चलन घेतानाच छोट्या नोटा मागून घ्या. अमेरिकेसाठी १ डॉलरच्या ३०-४० आणि ५ च्या १० नोटा. दुकानदार नाही म्हणाला तर दोन दिवस आधी सांगून ठेवा, मिळतात. युरोपात पहिल्याच दिवशी पाण्याची बाटली घेऊन १० ची नोट मोडा, एक-दोन युरोची नाणी हाताशी येतात. आपली दहाची नाणी आणि रुपयांच्या नोटा परदेशी ड्रायव्हरला देऊ नका. त्याला त्या कुठेच चालत नाहीत.

पैशांऐवजी बाकरवडी, चिक्की दिली तर?

ड्रायव्हर, गाइड यांना आवडते, जपानमध्ये तर नीट बांधलेली खाऊची पुडी नोटेपेक्षा कितीतरी सहज स्वीकारतात. पण जिथे टिपची रीत आहे तिथे खाऊ टिपेच्या जागी देऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला नेताना सगळा खाऊ विमानतळावर जाहीर करा, त्यांचे नियम कडक आहेत. टिपची मात्र या दोन्ही देशांत अपेक्षा नसते.

पोलीस, इमिग्रेशन किंवा कस्टम्सच्या माणसाला?

कधीही नाही. एक रुपयाही नाही, पासपोर्टमध्ये नोट सरकवणं तर मुळीच नाही. तिथे ती लाच ठरते आणि थेट अटक होऊ शकते.

शेवटी उरलेल्या नाण्यांचं काय करायचं?

आपल्याकडचे चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. म्हणून बरेच जण शेवटच्या दिवशी उरलेली सगळी चिल्लर पिशवीत भरून ड्रायव्हरला देतात. एकदा व्हिएन्नाच्या विमानतळावर आमच्या ड्रायव्हरने अशी पिशवी माझ्यासमोर उघडली. आत युरो सेंट, स्विस रापेन, ब्रिटिश पेनी, दुबईचे फिल्स आणि आपलं एक रुपयाचं नाणं होतं. बारा दिवस त्याने आम्हाला सुखरूप फिरवलं होतं. तो काही बोलला नाही, पिशवी बंद करून डॅशबोर्डवर ठेवली. त्या दिवसापासून मी शेवटच्या मुक्कामाच्या आदल्या रात्री बसमध्ये माइकवर सांगायला लागलो की नाणी उद्या नाश्त्याच्या कॉफीत, पेट्रोलपंपावरच्या स्वच्छतागृहात किंवा विमानतळावरच्या दानपेटीत संपवा, आणि ड्रायव्हरसाठी एक स्वच्छ नोट पाकिटात घालून बाजूला ठेवा, वर त्याचं नाव लिहून.